झाडूला कुलूप

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा भाग माझ्या घराजवळचा आहे. इतका जवळचा, की अर्धं रेकॉर्डिंग बाबांच्या समोर बसून झालंय आणि ते मधूनमधून मला थांबवत होते.

बाबांच्या कंपनीत एका झाडूला कुलूप होतं.

मी पाचवीत असेन. बाबा बदलापूर एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. एकदा रात्रपाळी करून आले आणि चहा पिता पिता आईला सांगत होते, की आमच्याकडे एक खोली अशी आहे की तिथला केरसुद्धा बाहेर टाकत नाहीत. तिथला झाडू वेगळा, तिथली सुपली वेगळी, फरशी पुसायची फडकी वेगळी. सगळं एका पिंपात, आणि पिंपाला कुलूप. किल्ली सुपरवायझरकडे. मला वाटलं तिथे काहीतरी विषारी असणार. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "विषारी नाही गं. महाग."

त्या खोलीत काळी पूड होती. कोळशाच्या भुकटीसारखी दिसणारी, आणि खरोखर कोळशाचीच. फक्त त्या कोळशाच्या कणाकणावर पॅलेडियम नावाचा धातू बसवलेला. शंभर भागांत पाच भाग, कधी दहा भाग. पुस्तकात याला उत्प्रेरक म्हणतात, कारखान्यात सगळे कॅटॅलिस्ट म्हणतात. काम असं, की एखाद्या औषधाच्या रेणूला हायड्रोजन जोडायचा असेल तर हा धातू मधला भटजी होतो. लग्न लावून देतो, स्वतः लग्नात अडकत नाही. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या साधारण नऊशेपट हायड्रोजन पोटात घेऊ शकतं, म्हणून तर हे काम त्याच्याकडे. काम झालं की पूड गाळून वेगळी काढायची, पुन्हा वापरायची. पण काही खेपांनंतर ती दमते. तिच्यावर घाण बसते, धातूचे कण एकमेकांना चिकटतात. मग ती झाली कचरा. कायद्याच्या भाषेत धोकादायक कचरा, आणि कंपनीच्या हिशेबात तिजोरीत ठेवायची वस्तू.

धोकादायक म्हणजे किती, तर एकदा फिल्टर उघडल्यावर कुणीतरी थोडी ओली पूड फडक्यावरच ठेवून जेवायला गेलं. वाळली आणि फडक्याने आपोआप पेट घेतला. काडी नाही, ठिणगी नाही. पोटातला हायड्रोजन आणि बाहेरची हवा एवढं पुरतं. बाबांच्या डाव्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. म्हणून ही पूड कायम पाण्याखाली ठेवतात. ड्रम भरला, की तो धातू परत काढून देणाऱ्याकडे जातो. असे छोटे-मोठे शुद्धीकरणवाले मुंबईच्या आसपास आहेत, आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यातही आहेत. तर आज आपण त्यांचा इतिहास बघणार आहोत. आणि तो एमआयडीसीच्या बराच आधी सुरू होतो.

मराठीत एक शब्द होता, झारेकरी. जुन्या कोशांत सापडतो, बोलण्यातून जवळपास गेला. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातली धूळ, राख, केर विकत घेऊन तो धुणारा माणूस. हिंदीत न्यारिया, गुजरातीत धूळधोया. सोनार कानस चालवतो तेव्हा सोन्याचा कीस उडतो. जमिनीवर पडतो, कपड्याला लागतो, केसात बसतो, नाकातही जातो. दिवसाला डोळ्याला दिसणार नाही इतका. पण वर्षभराचा केर साठवला तर त्यात चार पैसे असतात. झारेकरी तो केर पाण्यात हलवतो. माती हलकी, ती वाहून जाते. सोनं जड, ते तळाशी राहतं. त्यावर पारा टाकायचा. पारा सोन्याला धरतो. मग पारा तापवून उडवायचा आणि मागे राहिलेलं सोनं मुशीत आटवायचं. मुंबईच्या झवेरी बाजारात आजही पहाटे गल्ल्या झाडणारी माणसं दिसतात, ती महापालिकेची नसतात.

म्हणजे बदलापूरच्या कारखान्यातला कुलूपबंद झाडू ही काही नवीन अक्कल नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी सोनारकामाच्या शाळेवर आख्खं प्रकरण आहे. आत-बाहेर करणाऱ्यांची झडती घ्यायची, हत्यारं आणि अर्धवट माल आतच ठेवायचा. अशुद्ध सोनं साफ करायला त्यातल्या मळाच्या चौपट शिसं घालून आटवायचं, हेही तिथे आहे. शिसं वितळताना हलक्या धातूंचा मळ स्वतःत घेतं आणि त्याची राख होते, सोनं-चांदी तशीच राहते. दोन हजार वर्षं झाली, भट्टीतलं तत्त्व तेच आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "झडती आमची पण व्हायची. चप्पल उलटी करून बघायचे."

इथे मला थोडं सांगलीला जाऊन यायचंय, कारण त्याशिवाय ही गोष्ट मराठी माणसाची होत नाही.

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव. सांगली जिल्ह्याचा दुष्काळी भाग. इथली माणसं पोटासाठी घराबाहेर पडली आणि भारतभर एकच धंदा घेऊन पसरली: गलाई. गाळणं यावरून गलाई. जुनं सोनं-चांदी आटवायचं, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध धातू परत द्यायचा. तुम्ही केरळात किंवा तमिळनाडूत एखाद्या सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत जा, भट्टीपाशी बसलेला माणूस विट्याकडचा निघायची चांगली शक्यता आहे. आपल्याकडे मराठी माणूस धंद्यात नाही म्हणून गळे काढणाऱ्यांनी एकदा विट्याला जाऊन यावं. गावात मोठाले बंगले, आणि आत फक्त म्हातारी माणसं. तरुण सगळे कुठल्या तरी दूरच्या शहरात भट्टीपुढे.

आमच्या नात्यातले एक काका त्यातलेच. तीस-पस्तीस वर्षं तमिळनाडूत काढली, आता मुलाकडे अंबरनाथला असतात. मराठी बोलताना मधेच तमिळ आकडे येतात. त्यांना मी विचारलं, काका, सोनं शुद्ध कसं करतात ते मला पाचवीतल्या पोरीला सांगितल्यासारखं सांगा. ते म्हणाले, "सोन्यात चांदी मिसळायची." मी म्हटलं, शुद्ध करायला आणखी भेसळ? ते हसले. एक भाग सोनं, तीन भाग चांदी, असं आटवून पातळ पत्रा करायचा. मग तो तेजाबात टाकायचा. तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. ते चांदी खातं, तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही. पण सोनं जास्त असेल तर आतली चांदी ॲसिडला दिसतच नाही, सोन्याच्या आड लपते. म्हणून आधी चांदी वाढवायची, म्हणजे पत्र्याला भोकं पडत जातात आणि ॲसिड आतपर्यंत पोचतं. तळाला राहतो तपकिरी चिखल. "तेच सोनं," काका म्हणाले. "कुणी बघितलं तर पाय धुवून पुढं जाईल असलं दिसतं."

आणि चांदी? ती ॲसिडच्या पाण्यात विरघळलेली आहे. त्यात तांब्याचे पत्रे उभे करायचे. तांबं पाण्यात उतरतं आणि चांदी बाहेर पडते, पत्र्यावर कापसासारखी धरते. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग होतो, विस्थापन अभिक्रिया. चांदी गोळा केली, धुतली, आटवली. सोनं मिळालं, चांदी मिळाली. मागे राहिलं निळंशार पाणी, तांब्याचं आणि ॲसिडचं.

"ते निळं पाणी कुठे टाकायचात काका?"

"गटारात. आणि कुठं?"

त्यांनी हे लाजून वगैरे नाही सांगितलं. काकांचे पुढचे दात झिजलेले आहेत, खालचे जवळपास संपलेत. ॲसिडच्या वाफांत वर्षानुवर्षं बसलं की दात झिजतात. गल्लीतल्या भट्टीवर तपकिरी धूर ओढून घेणारा पंखा म्हणजे चैन होती. आपल्याकडे भरभराट सांगायची असली की सोन्याचा धूर निघत होता असं म्हणतात. काकांनी तो धूर शब्दशः गिळलाय.

बरं, आता परत आपल्या गावात.

अंबरनाथला तुम्ही फक्त शिवमंदिरासाठी ओळखत असाल. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख तिथे आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा. देऊळ वालधुनी नदीच्या काठी आहे. नदी मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांकडून येते, अंबरनाथमधून उल्हासनगरमध्ये शिरते आणि कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. छोटी नदी. पण गेल्या शंभर वर्षांत या नदीकाठी जे उद्योग आले, ते बघा. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी, स्थापना १९१९. गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत. मग विमकोचा काडेपेटीचा कारखाना. मग युद्धसाहित्याचा सरकारी कारखाना. थोडक्यात ॲसिड, गंधक आणि धातू यांची या गावाला सवय जुनीच.

शेजारी कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या बराकी. याच युद्धात, १९४० मध्ये, सरकारने रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली, कारण चांदी मिळेनाशी झाली होती. उरलेल्यात ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. पुढे अमेरिकेकडून चांदी उधार घेतली. युद्धानंतर ती परत द्यायची वेळ आली, तेव्हा तेच अर्धे रुपये गाळून चांदी वेगळी काढायला कोलकात्यात अलीपूरला खास शुद्धीकरण कारखाना काढावा लागला. आख्ख्या देशाने केलेली गलाई म्हणा ना.

फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं आली. साधारण लाखभर. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीचं नाव ठेवलं गेलं उल्हासनगर. सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला एक गोष्ट नीट कळते: टाकाऊ असं काही नसतं. बराकीच्या एका खोलीत चार-चार धंदे. कापडाच्या चिंध्या, जुने टायर, बाटल्या, पत्रा, सगळ्याला गिऱ्हाईक. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुमच्याही घरी झाला असेल. आमच्या शाळेत सिंधी पोरंच तो सगळ्यात जास्त सांगायची.

आणि भंगारवाले. आमच्याकडे एक यायचा, त्याची हाक ठरलेली: "रद्दी, पत्रा, बाटली, एक्सरे!" मला कायम प्रश्न पडायचा की आजीच्या गुडघ्याचा एक्सरे घेऊन हा काय करणार. उत्तर: चांदी. फोटोची फिल्म म्हणजे प्लास्टिकवर चांदीच्या क्षाराचा थर. एक्सरेत जो काळा भाग दिसतो तो म्हणजे बारीक कणांच्या रूपातली खरीखुरी चांदी. आणि जो भाग पांढरा दिसतो, तिथली चांदी धुताना हायपोच्या पाण्यात उतरते. म्हणजे एक्सरे सेंटरचं सांडपाणी आणि जुन्या एक्सरेंचा गठ्ठा, दोन्ही विकत घेणारी माणसं होती. जिथे सिनेमाचे इतके लॅब होते त्या मुंबईच्या आसपास हा धंदा चालणारच. डिजिटल आलं आणि हे सगळं आटलं. आता भंगारवाला एक्सरे म्हणत नाही, मोबाइल-लॅपटॉप म्हणतो.

पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन, आणि मोहोन्याला एनआरसी होती. रेयॉनचा धागा काढतात तो झाऱ्यासारख्या छोट्या टोपीतून, तिला बारीक बारीक भोकं असतात. आतून येणारा रस आम्लारीयुक्त आणि बाहेर गंधकाम्लाचं पाणी. दोन्ही सोसणारा धातू लागतो, म्हणून जगभर व्हिस्कोस रेयॉनच्या या टोप्या सोनं आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रणाच्या करत आले. धाग्यावरून जाणारा माणूस कधी म्हणेल का, की हा सोन्याच्या चाळणीतून आलाय? टोपी झिजली की अर्थातच ती भंगारात जात नाही, ती परत मुशीत जाते.

मग १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झालं. बदलापूरजवळ बारवी धरण बांधलं गेलं, अंबरनाथ-बदलापूरला प्लॉट पडले आणि केमिकल व औषधांचे कारखाने आले. बारवीचं स्वच्छ पाणी एका नळाने आत. दुसऱ्या नळाने काय बाहेर जायचं, ते पुढे बोलू. औषधांबरोबर ती काळी पूड आली आणि पुडीबरोबर तिचे गलाईवाले.

इथे पॅलेडियमची जन्मकथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लंडनमध्ये विल्यम वोलॅस्टन नावाचा डॉक्टर होता, डॉक्टरकी सोडून प्लॅटिनम शुद्ध करायच्या मागे लागलेला. कच्चं प्लॅटिनम तो आम्लराजात विरघळवायचा. आम्लराज तुम्हाला दहावीच्या विज्ञानातून आठवत असेल: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, सोन्याला विरघळवणारं द्रावण. प्लॅटिनम काढून घेतल्यावर जे पाणी उरायचं, ते बाकीच्यांनी फेकलं असतं. याने १८०२ मध्ये त्या उरलेल्या पाण्यात एक नवा धातू शोधला आणि त्याच सुमारास सापडलेल्या पॅलस नावाच्या लघुग्रहावरून त्याला नाव दिलं पॅलेडियम. पण जाहीर केलं नाही! १८०३ मध्ये लंडनच्या सोहोतल्या एका दुकानात निनावी जाहिरात देऊन तो धातू विकायला ठेवला, नवी चांदी म्हणून. चेनेविक्स नावाचा एक रसायनतज्ज्ञ म्हणाला, हा कसला नवा धातू, हा प्लॅटिनम आणि पारा यांचा घोटाळा आहे. वोलॅस्टनने पुन्हा निनावीच, वीस पौंडांचं बक्षीस लावलं, जो हा धातू असा बनवून दाखवेल त्याला. कुणीच आलं नाही. १८०५ मध्ये त्याने खरं काय ते सांगितलं. मधल्या काळात त्याच उरलेल्या पाण्यात त्याला ऱ्होडियमही मिळालं होतं.

म्हणजे ज्या धातूच्या केराला बदलापुरात कुलूप लागलं, तो धातू पहिल्यांदा सापडलाच मुळी शुद्धीकरणाच्या सांडपाण्यात.

आता ड्रम शुद्धीकरणवाल्याकडे पोचला की काय होतं? पहिलं काम भांडण. वजन किती, ओल किती, धातू किती टक्के? नमुना कुठून काढायचा? वरून काढला तर वेगळं उत्तर, तळातून काढला तर वेगळं. दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी राहून नमुना काढतात, त्याचे भाग करून सीलबंद करतात. मग पूड भट्टीत सावकाश जाळायची. घाईने जाळली तर बारीक राख धुराबरोबर वर जाते, आणि इथे खरोखरच धुरातून किमती धातू निघतो, म्हणून धुराड्यात गाळणीच्या पिशव्या लावतात. राख उरली की ती आम्लराजात. लालसर तपकिरी द्रावण होतं. त्यात अमोनिया घालून, मग हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की पिवळाधमक साका बसतो. तो धुवायचा आणि शेवटी हायड्रॅझीन नावाच्या रसायनाने त्यातला धातू मोकळा करायचा. हाती येते करडी, स्पंजासारखी पूड. ते शुद्ध पॅलेडियम. ते पुन्हा नव्या कोळशावर बसवलं जातं आणि पुन्हा बाबांच्या खोलीत येतं. बऱ्याचदा धातूची मालकी औषध कंपनीचीच राहते, शुद्धीकरणवाल्याला फक्त मजुरी. विट्याच्या गलाईसारखंच.

हिशेब ग्रॅमच्या पुढे दोन-तीन घरांपर्यंत चालतो. का नाही चालणार? मार्च २०२२ मध्ये पॅलेडियम एका औंसाला, म्हणजे ३१ ग्रॅमला, तीन हजार डॉलरच्या वर गेलं होतं. सोन्याच्याही वर. नंतर ते निम्म्याच्याही खाली आलं. ऱ्होडियम तर २०२१ मध्ये २९ हजार डॉलरपर्यंत चढलं. अशा वेळी फरशी पुसायचं फडकंसुद्धा जाळून त्याची राख तपासायला परवडतं.

मी बाबांना विचारलं, फडक्याला कुलूप होतं. फरशी धुतलेलं पाणी?

"ते पहिलं धुवण गाळून घ्यायचे. त्यात पूड असते ना."

"आणि गाळून झाल्यावर?"

बाबा थोडा वेळ गप्प बसले. "ड्रेनमध्ये."

आता मी काय म्हणतेय ते नीट ऐका, कारण पुढे कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेल की ही पोरगी सगळ्या कारखानदारांना चोर म्हणते. नाही म्हणत. ड्रेनमध्ये जाणं हा गुन्हा नाही. ड्रेन कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत गेला, तिथे चुन्याने ॲसिड मारलं, धातू खाली बसवले, मग पाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात गेलं, तर ठीक आहे. असं करणारे कारखाने आहेत. धूर धुणारे स्क्रबर चालवणारे आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. या धंद्यात पहिल्या दिवसापासून दोन वह्या आहेत. एका वहीत धातू लिहिला जातो, आणि ती वही झारेकऱ्यापासून आजच्या रिफायनरीपर्यंत कुणी कधी चुकवली नाही, कारण चुकली की पैसे जातात. दुसरी वही ॲसिडची, धुराची, माणसाच्या दातांची. ती ठेवायला कुणीतरी बाहेरून भाग पाडावं लागतं. बाजार ती वही आपणहून उघडत नाही.

आपल्याकडे ते बाहेरून भाग पाडणं कधी वाढलं? भोपाळनंतर. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखाली १९८९ चे धोकादायक कचऱ्याचे नियम, जे पुढे २००८ आणि २०१६ मध्ये नव्याने आले. या नियमांनी दमलेला कॅटॅलिस्ट धोकादायक कचऱ्याच्या यादीत घातला. ड्रम कुठून निघाला, कुणी नेला, कुठे पोचला, याचे कागद लागू लागले. ई-कचऱ्याचे नियम आले ते २०११ मध्ये, लागू झाले २०१२ पासून. २०२२ च्या नव्या नियमांत तर रिसायकल करणाऱ्याने किती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड परत मिळवलं यावर प्रमाणपत्र मिळतं आणि फोन बनवणाऱ्या कंपन्या ते विकत घेतात. चांगलं आहे. पण बघा, इथेही मोजलं काय जातंय? पहिलीच वही.

आणि नदी. २९ नोव्हेंबर २०१४ ची पहाट. उल्हासनगरमध्ये वालधुनीच्या पात्रात एका टँकरने रसायन सोडलं. उग्र वायू पसरला, शेकडो लोकांना उलट्या, चक्कर, श्वास कोंडणं, दवाखान्यांत जागा नाही. ते रसायन कुठल्या धंद्यातलं, यावर मी बोलणार नाही. ते धातू शुद्ध करण्यातलं होतं असं मी म्हणत नाहीये. मी एवढंच सांगतेय की उरलेलं पाणी टँकरमध्ये भरून रात्री नदीत रिकामं करणं हा इथे एक रोजगार होता, आणि त्या पहाटेपर्यंत त्याची बातमी होत नव्हती. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितलेलीच होती. २०१५ मध्ये लवादाने प्रदूषणाची जबाबदारी निश्चित करून मोठा दंड ठोठावला. पुढे उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले, त्यात हजारो लोकांचं काम गेलं. तो वेगळ्या भागाचा विषय आहे, आणि तो मला करायचाच आहे, कारण त्यात बरोबर कोण हे इतकं सोपं नाही.

तुमच्या हातातला फोन या गोष्टीत कुठे बसतो? फोनच्या सर्किटवर सोन्याचा मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. एक टन मोबाइल गोळा केले, बॅटऱ्या काढून, तर त्यात साधारण तीनशे ग्रॅमच्या आसपास सोनं असतं. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीत एक टन दगड फोडून काही ग्रॅम मिळतं. त्यामुळे तुमचा जुना फोन कुणी ना कुणी गाळणार, हे नक्की. प्रश्न इतकाच की तो धुराडं आणि टाकी असलेल्या कारखान्यात जातो, की कुर्ल्याच्या एखाद्या पोटमाळ्यावर, जिथे काकांच्या नातवाच्या वयाचा मुलगा बादलीत ॲसिड ओततो. दुसरा माणूस फोनचे पैसे जास्त देतो. कारण त्याला दुसरी वही ठेवायची नसते. मी स्वतः गेल्या वर्षी जुना फोन कॉलनीत आलेल्या भंगारवाल्याला दिला, साडेतीनशे रुपयांना. नोंदणी असलेल्या संकलन केंद्राने काहीच देऊ केलं नव्हतं. हा भाग लिहायला घेतला तेव्हा ते आठवलं आणि फार बरं वाटलं नाही.

काका अजून सकाळी शिवमंदिराकडे फिरायला जातात. पुलावर थांबतात. मी एकदा बरोबर होते, पाण्याला हिरवट छटा होती. काका वाकून बघत म्हणाले, "निकेल असंल, नाहीतर क्रोम. तांब्याचं निळं जरा वेगळं असतंय." आणि पुढे चालायला लागले.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी गलाईवाले, फिल्म लॅबमधले, प्लेटिंगमधले असतील तर त्यांच्याशी बोला, आणि त्यांची हरकत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा. पुढच्या भागात जीन्स.

एक दुरुस्ती. हा मजकूर टाकायच्या आधी बाबांना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, शीर्षक चुकलंय. कुलूप झाडूला नव्हतं, ज्या पिंपात झाडू उभा असायचा त्याच्या झाकणाला होतं. आणि ते नवतालचं होतं, सहा लिव्हरचं.